डोक्याशी कोण?

"डोक्याशी कोण?"

दार ढकलून आत येता येता मॅडम हे विचारायच्या. नमस्कार नाही, 'चहा झाला का' नाही. दार ढकललं, दम घेतला आणि हा प्रश्न. टेबलावर पेशंट असो वा नसो, प्रश्न ठरलेला. पेशंट नसला की मी म्हणायचे, "मॅडम, अजून डोकंच आलेलं नाही." त्या हसायच्या, पर्स खुंटीला अडकवायच्या आणि टेबलाच्या डोक्याच्या बाजूला स्टूल ओढून स्वतःच बसायच्या.

तुमच्यापैकी कुणी पोटाची दुर्बीण करून घेतली असेल तर त्याला वाटेल, ही खोली आपल्याला माहीत आहे. पण तुम्ही तेव्हा गुंगीत होता, त्यामुळे तुम्हाला काही माहीत नाही. मी सांगते. मधोमध टेबल, समोर भिंतीवर मोठा टीव्ही. आमचे सर, म्हणजे पोटाचे डॉक्टर, पेशंटच्या तोंडातून दुर्बीण आत घालतात आणि टीव्हीकडे बघतात. मी त्यांची सिस्टर. हातात चिमटे आणि तारा धरून मीही टीव्हीकडे बघते. कोपऱ्यात साफसफाईची खाला उभी असते. तिलाही टीव्हीचा नाद आहे. पेशंटचं आतडं बघून ती रोज नव्यानं 'या अल्ला' म्हणते.

मॅडमचं म्हणणं एवढंच होतं, की टीव्हीत पोट दिसतं, माणूस दिसत नाही. माणूस इकडे डोक्याशी असतो. त्याचे ओठ, त्याचा गळा, त्याची वरखाली होणारी छाती बघायला तिथे एक जण बसलेला पाहिजे, आणि त्याला दुसरं काहीही काम असता कामा नये.

त्या भूलतज्ज्ञ होत्या. कुठल्या एका दवाखान्यात नोकरी नव्हती. सोलापुरातल्या चार-सहा दवाखान्यांतून फोन यायचे आणि त्या रिक्षानं फिरायच्या. स्वतः अंगानं भरपूर होत्या. भरपूर म्हणजे, त्या बसल्यावर रिक्षावाला शेजारी दुसरी सीट घेण्याचा विचारही करायचा नाही. आमच्या खोलीत त्यांच्यासाठी एक लोखंडी स्टूल वेगळं ठेवलेलं होतं आणि त्याला कुणी हात लावायचा नाही असा खालाचा कायदा होता.

म्हणूनच असेल, पण लठ्ठ पेशंट आला की सर दुसऱ्या कुणाला बोलवायचेच नाहीत. "याला मॅडम हव्यात," म्हणायचे.

यात काय विशेष, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. जाड काय, बारीक काय, सुई तीच आणि औषध तेच. मॅडमनी मला एकदा समजावलं. म्हणाल्या, "बारीक माणूस झोपला तर नुसता झोपतो. जाड माणूस झोपला की त्याच्या उरावर त्याचंच वजन झोपतं." पोट वर सरकून फुप्फुसं दाबतं. गळ्याच्या आतलं मांस सैल पडतं आणि हवेची वाट बंद होते. जागेपणी शरीर ती वाट नेटानं उघडी ठेवत असतं; आपण इंजेक्शन देतो आणि तो नेटच काढून घेतो. त्यातून अंगातला हवेचा साठा मुळात कमी. सुटली तर विहिरीत बादली सुटावी तशी हवा सुटते, आणि दोर धरायला फार वेळ मिळत नाही.

त्यामुळे नाकात ती बारीक नळी अडकवून मोकळं होणं त्यांना मान्य नव्हतं. कोरोनाच्या काळात आमच्याकडे हाय-फ्लोचं मशीन आलं होतं, जाड नळीतून कोमट, ओलसर ऑक्सिजन जोरानं नाकात सोडणारं. साथ ओसरल्यावर ते धूळ खात पडलं होतं. मॅडमनी ते पुसून आमच्या खोलीत आणवलं. गुंगी देण्याआधीच ते सुरू करायच्या आणि पेशंटला म्हणायच्या, "घ्या, हवा भरून घ्या. आधी हवा, मग झोप."

आणि चादरी. सोलापुरी चादरी, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. त्या नवी पेठेत राहायच्या, तिथल्याच कुठल्या दुकानातून आणलेल्या. घड्या घालून त्या टेबलावर पाठीखाली, खांद्याखाली, डोक्याखाली अशा रचायच्या, की पेशंट सपाट न पडता उतारावर रेलून बसल्यासारखा व्हायचा. मग एक डोळा मिटून बाजूनं बघायच्या. कानाचं भोक आणि छातीचं हाड एका रेषेत आलं पाहिजे. गवंडी ओळंबा बघतो तशा त्या बघायच्या, आणि मनासारखं झालं नाही तर सर हातमोजे घालून ताटकळत असताना सगळा उतार उपसून पुन्हा रचायच्या.

माहेरी, केमला गेले होते तेव्हा आईला हे सांगितलं. तर ती म्हणाली, "चादर पांगरायची का खाली घालायची? शिकल्या-सवरल्या बायकांचं कायतरीच असतंय."

मॅडमची आणखी एक पद्धत होती. ती मला अजून दुसऱ्या कुणात दिसलेली नाही.

भूल द्यायच्या आधी पेशंटला विचारायचं असतं, घोरता का? पुरुष पेशंट हमखास नाही म्हणतो. मग बायकोला विचारायचं. पण बायको एकटी कुठे असते? शेजारी सासू असते, दीर असतो, चुलत सासरा असतो. चारचौघांत सून नवऱ्याच्या झोपेबद्दल बोलत नाही. पदर सावरते, सासूकडे बघते आणि म्हणते, "न्हाय, तसं काय न्हाय." दुसरा कुणी भूलतज्ज्ञ 'नाही' असं लिहून पुढे गेला असता. मॅडम म्हणायच्या, "बाई, मला जरा पाण्याचं मशीन दाखव गं कुठंय," आणि तिला हाताला धरून बाहेर बोळात न्यायच्या. पाण्याचं मशीन त्यांना चांगलं माहीत असायचं.

बोळात सगळं बाहेर पडायचं. एक जण म्हणाली होती, "घोरत्यात? वो मॅडम, आमचं मांजर घर सोडून गेलं की."

मॅडम हसल्या नाहीत. "घोरण्याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "घोरतो म्हणजे हवा जातेय. मधेच गप्प होतात का, ते सांग."

त्या बाईनं मागे वळून दाराकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "व्हतात. मला भ्या वाटतंय तवा. मी पायानं ढोसते."

"ढोसत जा," मॅडम म्हणाल्या. आणि आत येऊन त्यांनी उतारात आणखी एक चादर घातली.

त्या गप्प होण्याबद्दल मला त्यांच्याकडूनच कळलं. आणि एकदा कळल्यावर ते मला भलतीकडेच ऐकू यायला लागलं.

दोन पेशंटच्या मधे मॅडम खुर्चीत डोळे मिटून बसायच्या. "झोपत नाहीये, कान उघडे आहेत," असं सांगून झोपायच्या. लगेच घोरणं सुरू. खाला तोंडाला ओढणी लावून हसायची, मीही हसायचे. मोठ्या डॉक्टरीणबाई अशा घोरताना बघायला कुणाला आवडणार नाही? मग एकदा दुपारी मी ट्रेमध्ये चिमटे लावत होते आणि पाठीमागचा आवाज बंद झाला. वळून बघितलं. मॅडमची मान पुढे पडलेली, तोंड उघडं, छाती हलत होती पण आवाज नाही. म्हणजे छाती ओढत होती आणि आत काही जात नव्हतं. खालाचं हसू थांबलं. "फिर रुक्या, देख," ती म्हणाली.

फिर. म्हणजे तिनं हे आधीही बघितलेलं होतं.

मग एकदम घुसमटल्यासारखा मोठा श्वास आला, खांदे उडाले आणि घोरणं परत सुरू झालं. त्या दिवसापासून मॅडम खुर्चीत बसल्या की माझं कामात लक्ष लागेना. आवाज थांबला की माझाही श्वास थांबायचा. मी मुद्दाम ट्रे आपटायचे. त्या दचकून उठायच्या आणि म्हणायच्या, "हात आहेत की हातोडे गं तुझे?"

मॅडम एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं, आईवडील गेले होते, भाऊ परदेशात. त्यांचं कोण होतं जिला बोळात नेऊन विचारावं?

पुढे त्यांनाच दम लागायला लागला. चेहरा पांढरा पडला, रक्त कमी निघालं. सरांनी सांगितलं, वरून आणि खालून, दोन्ही दुर्बिणी करायला हव्यात.

"करा. पण भूल नको," मॅडम म्हणाल्या.

सर हसले. "मॅडम, खालची भुलीशिवाय नाही होणार. तुम्हीच लोकांना सांगता."

"लोकांना सांगते."

त्यांना घाबरलेलं मी तेवढं एकदाच बघितलं. हिरवा गाऊन घालून त्या टेबलाच्या कडेला बसल्या होत्या आणि पाय जमिनीला पोचत नव्हते. भूल द्यायला त्यांच्याच हाताखाली शिकलेला एक तरुण डॉक्टर आला होता. अदबीनं एकेक प्रश्न विचारत होता. औषधं कुठली, दात हलतात का, आधी कधी भूल घेतली का.

"घोरता का मॅडम?"

"त्याला ऐकणारं माणूस लागतं रे," त्या म्हणाल्या. तो हसला, आणि कागदावर पेन टेकवून 'नाही' लिहायला लागला.

"घोरतात," मी म्हणाले. "आणि मधेच गप्प होतात. आम्ही बघितलंय."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्यांनी फक्त विचारलं, "लांब गप्प?"

"माझा जीव खालीवर होतो इतकं लांब."

त्यांनी गाऊन गुडघ्यांवर नीट ओढून घेतला. मग त्या पोराला म्हणाल्या, "लिही. आणि चादरी वाढव. हाय-फ्लो आधी लाव. ही टीव्हीकडे बघणार नाही. ही डोक्याशी राहील."

त्या दिवशी चिमटे दुसऱ्या सिस्टरनं धरले. मी लोखंडी स्टुलावर बसले. मॅडमना चादरींच्या उतारावर टेकवलं, कान आणि छाती एका रेषेत आणली. जाड नळी नाकाला लावली. हवा भरून घेताना त्या माझ्याकडे बघत होत्या. डोळे मिटेपर्यंत बघत होत्या.

मॉनिटरचा आवाज तुम्हाला माहीत असेल, नाडीबरोबर टिक टिक वाजतो. अंगातला ऑक्सिजन उतरायला लागला की तो आवाज खोल, जाड होत जातो. बोलत नाही, पण सांगतो. तपासणी अर्ध्यात आल्यावर तो आवाज उतरायला लागला. मी छातीकडे बघितलं. ओढत होती. गळ्याकडे बघितलं. तिथे काही नव्हतं. तेच गप्प होणं, आता माझ्या हातांत. मी दोन्ही बाजूंनी बोटं घालून त्यांचा जबडा वर उचलला, जसा त्यांना शेकडो लोकांचा उचलताना बघितलं होतं. जड होता. सर म्हणाले, "थांबू का?" डॉक्टरानं औषध थांबवलं, हवा वाढवली. मी जबडा सोडला नाही. मग नळीतून जाणाऱ्या हवेचा आवाज बदलला, आणि टिक टिक पुन्हा बारीक होत वर चढली. शेवटपर्यंत मी तशीच धरून बसले होते. बोटं नंतर सरळ होईनात.

मॅडम शुद्धीवर आल्या तेव्हा पहिला प्रश्न तोच.

"डोक्याशी कोण होतं?"

"मी होते."

"तरीच जबडा दुखतोय," म्हणाल्या आणि डोळे मिटून माझा हात शोधून त्यांनी धरला.

आतड्यात काही वाईट निघालं नाही. जखमा होत्या, औषधानं भरल्या. पण त्या तरुण डॉक्टरानं त्यांना सोडलं नाही. झोपेची तपासणी करायला लावली, आणि मॅडमच्या घरी मशीन आलं. झोपताना नाकावर मास्क लावायचा. मशीन सारखी हवा ढकलत राहतं आणि गळा मिटू देत नाही. त्या त्याला 'माझी सोंड' म्हणायच्या.

सोंड आली आणि मॅडम बदलल्या. दुपारच्या खुर्चीत आता त्या पेपर वाचायच्या. खाला म्हणाली, "मॅडम अब सोतेच नै." जिना चढून आल्या तरी आधी प्रश्न विचारायच्या आणि दम नंतर घ्यायच्या. एकदा मला हळूच म्हणाल्या, "अगं, सकाळी उठल्यावर डोकं दुखत नसतं, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं सगळ्यांचंच दुखतं." हे सांगताना त्यांचा चेहरा मुलीसारखा झाला होता. मला फार बरं वाटलं. मला वाटलं, सुटलो.

आणि मग टेंभुर्णीचे अण्णा आले.

हायवेवर त्यांचा ढाबा. पित्ताच्या नळीत खडा अडकलेला, डोळे हळदीसारखे पिवळे, अंगात ताप. खडा दुर्बिणीतून काढायचा, नाहीतर विष अंगात पसरणार. पण अण्णा असे, की स्ट्रेचरच्या दोन्ही कडा दिसत नव्हत्या. आधी दुसऱ्या एका ठिकाणी नेलं होतं. तिथे गुंगी दिली, नाकात बारीक नळी लावली, आणि अण्णा निळे पडले. तसेच उठवून आमच्याकडे पाठवले.

बरोबर बायको आणि आई. मॅडमनी घोरण्याचं विचारलं. बायकोनं सासूकडे बघितलं आणि मान हलवली, नाही. मॅडमनी तिला पाण्याचं मशीन दाखवायला नेलं.

परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता. "माझ्यापेक्षा वाईट आहे," मला म्हणाल्या.

अण्णांसाठी सगळ्या चादरी लागल्या, वॉर्डातल्याही आणल्या. हाय-फ्लो बराच वेळ आधी सुरू केलं. मॅडमनी औषध थेंबाथेंबानं दिलं, आणि त्या पूर्ण वेळात एकदाही मान वर केली नाही. दोनदा आवाज खोल गेला. दोनदा त्यांनी दुर्बीण थांबवायला लावली, सरांनी थांबवली. खडा निघाला तेव्हा सर 'आला!' म्हणून ओरडले, खालानं टाळी वाजवली. मॅडम अण्णांच्या गळ्याकडे बघत म्हणाल्या, "तुमचं झालं. माझं नाही झालं."

कारण धोका टेबलावर संपत नाही. थकलेलं अंग घरी जाऊन गाढ झोपतं आणि तिथे मॉनिटर नसतो. अण्णांनाही मॅडमसारखं झोपेचं मशीन लागणार होतं. पुण्याहून मागवलं, यायला थोडे दिवस लागणार होते. सर म्हणाले, तोवर इथेच राहा. अण्णा ऐकेनात. लेकीचा साखरपुडा ठरलेला होता, पाव्हणे यायचे होते.

"सही करून जातो की," म्हणाले. "खडा निघाला न्हवं? मग आता कशाला ठेवताय?"

दवाखान्यातलं एकच मशीन, ते अतिदक्षता विभागात एका म्हाताऱ्या माणसाला लावलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम एक पिशवी घेऊन आल्या. आत नवा मास्क, नवी नळी आणि त्यांचं मशीन. अण्णांच्या घरच्यांना म्हणाल्या, "हे दवाखान्याचं आहे. तुमचं आलं की परत आणून द्यायचं."

मी त्यांना बोळात ओढलं. पाण्याच्या मशीनपाशीच. "आणि तुम्ही?"

"मी इतकी वर्षं काय लावून झोपत होते? चार दिवसांनी काय होतंय?"

"तुम्हीच सांगता लोकांना—"

"लोकांना सांगते," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "अगं, त्याच्या लेकीचा साखरपुडा आहे. मी उतार रचून झोपेन. चादरी आहेत की घरी."

मी म्हणाले, माझ्याकडे राहायला या. त्या म्हणाल्या, तुझा नवरा घोरतो, मला झोप लागणार नाही. मला त्यांचा राग आला. तो अजून गेलेला नाही.

आत जाऊन त्यांनी अण्णांच्या आईला मास्क कसा लावायचा ते शिकवलं. म्हातारी हुशार. दोनदा करून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, "आजी, मशीन सरकलं, मास्क निघाला, तर बघायला डोक्याशी तुम्ही हं."

"उशाशी व्हय? बसते की. ल्हान हुता तवा बसायचीच."

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी पेशंट टेबलावर होता, उपाशीपोटी, आणि दार उघडलं नाही. मॅडमना कधी उशीर व्हायचा नाही. फोन वाजत राहिला. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी चप्पल घातली. खाला न बोलावता माझ्याबरोबर निघाली.

नवी पेठेत दुकानांची शटरं नुकती वर जात होती. एक जण फुटपाथवर पाणी मारत होता. चादरींच्या दुकानाशेजारचा जिना. वर शेजारणीकडे किल्ली होती.

पलंगावर उतार रचलेला होता. पाठीखाली, खांद्याखाली, डोक्याखाली, प्रत्येक घडी जागच्या जागी. मॅडम त्यावरून एका अंगाला घसरल्या होत्या. मान खाली दुमडली होती. त्यांना सरळ करायला कुणी नव्हतं, एवढंच.

खाला दारातच बसली. मी जाऊन त्यांची मान सरळ केली. जबडाही धरला. कशासाठी धरला ते मला विचारू नका.

डॉक्टरांनी हृदय थांबलं असं लिहिलं. मशीन असतं तर? सर म्हणाले, तसं सांगता येत नाही, त्यांचं हृदय आधीपासूनच थकलेलं असणार. तो तरुण डॉक्टर भिंतीकडे तोंड करून उभा होता. मलाही सांगता येत नाही. पण मी रोज विचार करते.

काही दिवसांनी अण्णा स्वतःच्या पायांनी चालत आले. डोळे पांढरे, कपाळाला गंध. बायको आणि आई बरोबर. बायकोच्या हातात पेढ्यांचा डबा, अण्णांच्या हातात ते मशीन, कोऱ्या सोलापुरी चादरीत नीट बांधलेलं.

"आमचं आलं पुण्याहून," ते म्हणाले. "हे दवाखान्याचं. चादर मॅडमना. मॅडमच्याच हातात द्यायची म्हणून थांबलोय. कुटं हायत?"

मी सांगितलं. मॅडम गेल्या. झोपेत गेल्या. पुढचं सांगितलं नाही.

अण्णा डबा, मशीन, भिंत असं कुठेही बघत उभे राहिले. "आवो, त्या तर चांगल्या हुत्या की," एवढंच म्हणाले. त्यांची बायको तोंडाला पदर लावून रडायला लागली. सासू शेजारी होती तरी रडली, आणि मोठ्यांदा म्हणाली, "त्यास्नी मी सांगितलं हुतं, ह्ये मधीच गप व्हत्यात म्हणून. आता न्हाय व्हत. ह्ये त्यास्नी सांगायचं हुतं मला."

दाराशी ते लोखंडी स्टूल होतं, त्यावर म्हातारी बसली. खाला पुढे झाली आणि थांबली. तिनं तिला उठवलं नाही.

मी मशीन घेतलं. चादरीची गाठ सोडायला माझ्याच्यानं होईना. म्हातारी माझ्याकडे बघत होती. रात्रंदिवस लेकाच्या उशाशी बसून तिचे डोळे लाल झाले होते.

"झोपंत गेली म्हंतीस," ती म्हणाली. "मग तिच्या उशाशी कोन हुतं का न्हाय?"

अण्णांनी मान वर केली. बायकोनं रडणं थांबवलं. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मशीन माझ्या हातात होतं.

"होतं की आजी," मी म्हणाले. "मी होते."